फिनलंडच्या बाई करमाडला आल्या

पीएचडी झाली तेव्हा माझ्या आयुष्यात एकच बदल झाला. कॉलेजच्या टाइमटेबलवर माझ्या नावाआधी 'डॉ.' लागलं. नोकरी तीच, तासिका तत्त्वावरची; जूनमध्ये लागायची आणि मार्च-एप्रिलात सुटायची. आम्ही बजाजनगरला राहत होतो. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. मी रोज स्कूटीवरून शहर ओलांडून कॉलेज गाठायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्याच स्कूटीवरून जालना रोडनं करमाडला जायचे. तिथं सासूबाईंची मोसंबीची बाग होती आणि त्या बागेतच माझी पीएचडी झाली होती.

मोसंबीच्या मुळांवर राहणारी बुरशी हा माझा विषय. बुरशी म्हटलं की लोकांना लोणचं आठवतं. पण ही बुरशी चांगली असते. मुळांना चिकटून राहते, लांबून पाणी आणि खत ओढून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. हे मी सासूबाईंना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी दोन मिनिटं विचार केला.

"म्हंजी घरजावई," त्या म्हणाल्या. "पण कामाचा."

सासरे गेल्यापासून बाग त्या एकट्याच बघत होत्या. मी मुळ्यांचे नमुने घ्यायला गेले की खुरपं घेऊन माझ्या मागं उभ्या राहायच्या. एका झाडाच्या तीनपेक्षा जास्त मुळ्या तोडू द्यायच्या नाहीत. गावात कुणी माझं कौतुक केलं तर सांगायच्या, "माझी झाडं तोडूतोडू डॉक्टर झाली ती."

पीएचडीनंतर पुढं काय, हा प्रश्न माझ्या गाईडसरांनी सोडवला. त्यांनी एका युरोपियन फेलोशिपची जाहिरात पाठवली. पीएचडी झालेल्यांनी दुसऱ्या देशात जाऊन दोन वर्षं काम करायचं, नवीन तंत्र शिकायचं, परत येऊन ते वापरायचं. जाहिरातीत एक शब्द वीस वेळा होता: मोबिलिटी. संशोधकानं हललं पाहिजे. एकाच जागी बसलेला संशोधक त्यांना चालत नव्हता. अट अशी, की ज्या देशात जायचं त्या देशात गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. ही अट मी जन्मापासून पाळत आले होते.

मी अकरा प्राध्यापकांना ईमेल लिहिले. दहा जणांनी उत्तर दिलं नाही. अकरावी फिनलंडची एक बाई. तिथल्या जंगलांमध्ये झाडांच्या मुळांवर तिनं तीस वर्षं काम केलेलं. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: "तुमच्या बागेतल्या मातीचा वास कसा आहे?"

मी तीन वर्षं त्या मातीचा सामू मोजला होता, नत्र मोजलं होतं, स्फुरद मोजलं होतं. वास घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी करमाड गाठलं आणि सासूबाईंना विचारलं.

"कोण इचारतंय?"

"फिनलंडच्या मॅडम."

"वास इचारला?" त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "मंग ती बाई कामाची हाय. लिही. बांधाकडची माती ताकासारखी, आंबूस. मधल्या पट्ट्यात वल्ल्या लाकडासारखी. अन् इहिरीकडच्या चार झाडांखाली कशाचाच वास नाय. तिथली माती मेलेली हाय, म्या कवाच सांगितलं व्हतं."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, या वेळी दोन पानी. त्या विहिरीकडच्या चार झाडांबद्दल तिनं नऊ प्रश्न विचारले होते आणि शेवटी लिहिलं होतं, चला, अर्ज करू.

अर्ज म्हणजे एक छोटी पीएचडीच होती. मी काय करणार, का करणार, माझ्यामुळं युरोपाचं काय भलं होणार, सगळं लिहायचं. एक तक्ता हवा होता: दोन वर्षांत कुठल्या महिन्यात कुठलं काम. मी तो तीनदा केला आणि तीनदा खोडला. नवऱ्यानं मागून बघितलं.

"अगं, हा तर शटडाऊनचा चार्ट आहे," तो म्हणाला. "आम्ही दरवर्षी करतो. सरक तिकडं."

त्यानं एका बैठकीत तक्ता केला. प्रत्येक यंत्राच्या देखभालीचे दिवस टाकले, यंत्र बंद पडलं तर पर्यायी यंत्र टाकलं, पार्ट यायला उशीर झाला तर काय ते टाकलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक आठवडा कोरा ठेवला. "हे काय?" मी विचारलं. "दिवाळी," तो म्हणाला. "कुठलाही प्लांट असू दे, दिवाळीला बंद पडतोच." पुढं परीक्षकांचे शेरे आले तेव्हा माझ्या संशोधनाबद्दल त्यांनी 'चांगलं' लिहिलं होतं आणि तक्त्याबद्दल 'असामान्य'. नवरा आजही तो कागद पाहुण्यांना दाखवतो.

अर्ज सप्टेंबरात गेला. निकाल फेब्रुवारीत यायचा होता. बजाजनगरात बातमी पसरली ती अशी, की मला परदेशात पोस्टात नोकरी लागतेय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोस्ट बरंय बाई, पेन्शन असते." पोस्ट-डॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा हो, पोस्टात, म्हणून मोकळी झाले.

डिसेंबरात मॅडमचा ईमेल आला. अजिंठ्याची लेणी बघायला त्या सुट्टीवर येत होत्या, फर्दापूरला दोन दिवस मुक्काम होता. त्या विहिरीकडच्या चार झाडांना भेटता येईल का?

मी घाबरले. नवऱ्यानं मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही दोघं त्यांना आणायला फर्दापूरला गेलो. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या केसांच्या, पाठीला सॅक. हात मिळवला, गाडीत बसल्या आणि गप्प झाल्या. मी हवेबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, लेण्यांबद्दल विचारलं. त्या मान हलवायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. सिल्लोडला चहा-भजी झाली तरी एक शब्द नाही. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई नाराज हायेत का आपल्यावर? गाडीत एसी कमी पडला का?" नंतर कळलं की त्यांच्याकडं कुणाच्या सोबत गप्प बसता येणं हा आदर असतो. त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं. फुलंब्रीपर्यंत नवरा एसी कमीजास्त करत राहिला.

करमाडला सासूबाई नवी कोरी साडी नेसून बागेच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी मॅडमना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः समोर बसल्या. मला म्हणाल्या, "तू मधी बस. म्या इचारते, तू सांग."

सून दोन वर्षं कुणाच्या हाताखाली राहणार, हे बघायचा त्यांचा हक्क होता. मी कबूल केलं. पण पहिलाच प्रश्न आला:

"नवरा काय करतो?"

परदेशी बाईंना असं विचारायचं नसतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मी इंग्रजीत म्हटलं, "तुमचा प्रवास कसा झाला, असं आई विचारतायत."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या.

"उत्तम आहे," मी सासूबाईंना सांगितलं.

त्यांचं समाधान झालं. "लेकरं किती?"

मी पुन्हा वाट वळवली. "तुमच्या प्रयोगशाळेत किती संशोधक आहेत?"

मॅडमनी जरा विचार केला. "सहा होते. त्यातले दोन गेल्या वर्षी गेले."

मी इतकी घामाघूम झाले होते, की कानावर पडलं ते तसंच्या तसं मराठीत बोलून बसले. "सहा होती. त्यातली दोन गेल्या वर्षी गेली."

सासूबाईंच्या हातातली मोसंबी तशीच राहिली. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "दोन? एका वर्षात? कशानं गेली गं?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर आधीचा प्रश्न मी बदलला होता हेही सांगावं लागलं असतं, आणि सासूबाईंना आपला शब्द कुणी बदललेला चालत नाही. मी मॅडमकडं वळून विचारलं, "ते का गेले?"

"एकीला घरची ओढ होती. दुसऱ्याला थंडी सोसली नाही."

सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पुटपुटले, "थंडी... सोसली नाही."

सासूबाई उठल्या. मॅडमच्या शेजारी खाटेवर बसल्या, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. "बाई, देवानं असं कुणाचं करू नये," त्या म्हणत होत्या. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांचेही डोळे ओले झाले होते, का ते त्यांना कळत नसावं. त्यांनी दुसऱ्या हातानं सासूबाईंच्या पाठीवर थोपटलं. नवरा गाडी पुसायला निघून गेला. त्याला दोन्ही भाषा समजत होत्या.

थोड्या वेळानं मॅडम हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "माझे संशोधक सोडून गेले याचं आमच्या डीनलासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं."

त्यानंतर दोघी विहिरीकडं गेल्या आणि तिथं माझी गरजच उरली नाही. मॅडम गुडघ्यांवर बसून हातानं माती उकरायला लागल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरून बाजूला घेतला, कारण ठिबकची नळी तिथूनच जात होती. मग खुरपं दिलं, ते कसं धरायचं ते दाखवलं. मॅडमनी मूठभर माती नाकाशी नेली, सासूबाईंकडं बघितलं आणि मान नकारार्थी हलवली. सासूबाई विजयानं माझ्याकडं वळल्या. तासभर दोघी एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडं जात होत्या, एक मराठीत बोलत होती, एक बोलतच नव्हती आणि दोघींचं बरं चाललं होतं. निघताना सासूबाईंनी त्यांना मोसंबीचं एक पोतं दिलं. विमानात पोतं नेता येत नाही हे त्यांना पटवायला नवऱ्याला अर्धा तास लागला.

गाडी मॅडमना सोडायला गेली. मी मागं राहिले होते. सासूबाई मला म्हणाल्या, "तू नाय जायचं."

"काय?"

"नाय म्हंजी नाय. त्या बाईची दोन लेकरं थंडीनं गेली. तिथं जन्मलेली लेकरं! तू तर डिसेंबरात दोन सोटर घालून फिरती. माझी सून म्या तिथं धाडणार नाय. तिला सांग, तुम्हीच इकडं या, चार झाडं हायेत, जागा हाय."

मी हसून उडवायचा प्रयत्न केला. पण त्या खरंच घाबरल्या होत्या. पुढचे चार-पाच दिवस त्या रोज फोन करायच्या आणि अर्ज परत घे म्हणायच्या. नवरा म्हणाला, "सांगून टाक." मी म्हटलं, "अहो, तुम्हीच सांगा, तुमच्या आई आहेत." तो म्हणाला, "दुभाषी कोण होतं?"

रविवारी मी एकटीच करमाडला गेले. सासूबाई डिंक्या रोग लागलेल्या एका झाडाच्या बुंध्याला औषधाची पेस्ट लावत होत्या. मी शेजारी उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. पहिला प्रश्न कसा बदलला, दुसरा कसा बदलला, सहा कोण, दोन कुठं गेले. एक स्पेनला गेला होता. दुसरी तिच्या गावी शिकवत होती.

त्यांचा ब्रश थांबला नाही. बुंधा पूर्ण रंगवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी म्या फुकट रडले."

"आई, चुकलं माझं."

"नव्या साडीवर रडले म्या." मला वाटलं, आता जेवायलासुद्धा विचारणार नाहीत. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मंग तिला लेकरं हायेत का नाय?"

मी तोवर मॅडमना खरंच विचारलं होतं. "नाहीत. लग्न नाही केलं."

"मंग केलं काय एवढ्या वर्सांत?"

"झाडं, आई. जंगलातल्या झाडांची मुळं. तीस वर्षं."

सासूबाईंनी ब्रश बादलीत टाकला आणि पदराला हात पुसले. बागेकडं बघत राहिल्या. "असं सांगितलं असतं तर रडले नसते," त्या म्हणाल्या. "पण हात धरलाच असता. चल, भाकर खाऊ. अन् पुन्यांदा माझा शबूद बदलशील तर बघ." त्यानंतर मात्र त्यांनी गावभर सांगितलं, की फिनलंडच्या बाई आपल्या वळखीच्या हायेत, पोरीचं काम झाल्यात जमा हाय.

झालं नव्हतं. फेब्रुवारीत निकाल आला: राखीव यादी. म्हणजे कुणी जागा सोडली तर मला मिळणार. घरात कुणाला समजवावं लागलं नाही. "वेटिंग," सासूबाई लगेच म्हणाल्या. "कितवा नंबर?" तो फेलोशिपवाल्यांनी सांगितला नव्हता. सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. रेल्वेसुद्धा नंबर सांगते, असं त्यांचं म्हणणं. मी कॉलेजात शिकवत राहिले. एप्रिलात तास संपले, नेमणूक संपली. मे महिन्यात, बँकेच्या रांगेत पासबुक भरायला उभी असताना ईमेल आला की जागा मिळाली आहे. मी रांगेतच "झालं!" म्हणून ओरडले. खिडकीतल्या माणसाला वाटलं, सकाळपासून बंद पडलेलं पासबुकाचं मशिन चालू झालं. मागचे सगळे पुढं सरकले.

व्हिसाच्या वेळी एक वेगळाच घोटाळा झाला. माझ्या डिग्र्यांवर औरंगाबाद. पासपोर्टवर औरंगाबाद. नव्या बँक स्टेटमेंटवर, लग्नाच्या नोंदणीच्या नव्या प्रतीवर आणि कॉलेजच्या पत्रावर छत्रपती संभाजीनगर. खिडकीमागच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, "तुम्ही औरंगाबादहून छत्रपती संभाजीनगरला कधी स्थलांतर केलं?"

"केलं नाही. शहर तेच आहे. नाव बदललं."

"पण पत्ता वेगळा दिसतोय."

"घरसुद्धा तेच आहे."

त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले. शेवटी नवरा पुढं झाला आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही जागचे हललेलो नाही. म्हणून तर आता हलायची परवानगी मागतोय." त्या हसल्या आणि एक प्रतिज्ञापत्र लिहून द्यायला सांगितलं. ते आम्ही दोन प्रतींत दिलं.

नवऱ्यानं कारखान्यातून बिनपगारी रजा काढली. व्हिसावर त्याच्यापुढं लिहिलं होतं: आश्रित. निघेपर्यंत कारखान्यात सगळे त्याला त्याच नावानं हाक मारत होते. फिनलंडला पोचल्यावर पहिल्या महिन्यातच त्यानं आमच्या इमारतीतलं बंद पडलेलं वॉशिंग मशिन दुरुस्त केलं, मग शेजाऱ्याची सायकल, मग प्रयोगशाळेतलं बाटल्या हलवणारं एक यंत्र, जे दुरुस्त करायला जर्मनीहून माणूस यायचा. हिवाळ्यापर्यंत त्याला तिथल्या सायकल दुकानात काम मिळालं. गावात मला लोक त्याची बायको म्हणून ओळखायचे. मी दोन वर्षं मुळ्यांचे बारीक काप करायला शिकले, बुरशीचे धागे रंगवायला शिकले, आणि कोण कुणाला काय देतं ते मोजायला शिकले. मॅडम शेजारी बसून तासन्‌तास गप्प असायच्या. मलाही हळूहळू गप्प बसायला जमलं. नवऱ्याला मात्र शेवटपर्यंत नाही.

आम्ही परत आलो त्याला आता वर्ष होत आलं. मी त्याच कॉलेजात आहे, त्याच तत्त्वावर. पण फेलोशिपच्या शेवटी मिळालेलं एक जुनं, चांगलं मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर आहे आणि विहिरीकडच्या चार झाडांखाली आम्ही बांधाकडची माती मिसळायला सुरुवात केली आहे. दोन झाडांनी नवी पालवी धरली. दोन अजून विचार करतायत.

गेल्या महिन्यात मॅडमची एक विद्यार्थिनी सहा महिन्यांसाठी आमच्याकडं आली. तिलाही मोबिलिटी हवी होती. तिच्या अर्जात क्षेत्रकामाची जागा करमाड लिहिली आणि तिथल्या मार्गदर्शकाच्या रकान्यात मी सासूबाईंचं नाव भरलं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "चौथी. खोटं लिहू नको." मी तसंच लिहिलं, आणि फिनलंडच्या समितीनं ते मान्य केलं.

ती मुलगी आता त्यांच्याकडंच राहते. पहाटे पाचला उठवतात. एका झाडाच्या तीनच मुळ्या मिळतात. परवा मी गेले तर ती उन्हात बसून भाकरी-ठेचा खात होती, नाक-डोळे वाहत होते, आणि सासूबाई तिला काहीतरी विचारत होत्या. मला बघताच ती धावत आली.

"तुम्ही जरा सांगाल का," तिनं विचारलं, "आई मला रोज काय विचारतात?"

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, हाताची घडी घालून.

"लग्न कधी करणार, असं विचारतायत," मी इंग्रजीत शब्दाला शब्द लावून सांगितलं.

मुलगी मोठ्यानं हसली. "सांगा, आधी मुळ्या मोजून होऊ देत."

मी तेही शब्दाला शब्द लावून सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.